चिप उलटी होती की सुलटी

साताऱ्यात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आता टीव्ही कुणी दुरुस्त करून घेत नाही, बिघडला की नवा आणतात. म्हणून मी शटर ओढलं आणि आता घरातला मिक्सर तेवढा दुरुस्त करतो, तोही बायकोनं परवानगी दिली तर. पण दुकान चालत होतं तेव्हा माझी एक खोड सगळ्या पेठेत माहीत होती. कुठलीही चिप सॉकेटात बसवायची झाली की मी ती पुन्हापुन्हा उलटसुलट करून बघत बसायचो. चिपच्या एका टोकाला छोटी खाच असते. ती ठरल्या बाजूलाच आली पाहिजे. उलट्या बाजूनं बसवून वीज सोडली की चिप मेली म्हणून समजा.

गिऱ्हाईक वैतागायचं. "आवं, बसवा की एकदाची! मूर्तीची स्थापना हाय का काय?" मी म्हणायचो, "घाई असली तर समोरच्या दुकानात जा." कुणी जायचं नाही. माझ्या हातून चिप जळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक चिप मात्र होती, जी माझ्या हातून जळली की नाही हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. तिच्यापायी माझा जिवाभावाचा मित्र तुटला, आणि वडलांनी मला एष्टी स्टँडवर भर गर्दीत खाली मान घालायला लावली.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, की कॉलेजात जुन्या कम्प्युटरांचं प्रदर्शन आहे, ज्याच्याकडं जे असेल ते घेऊन या. लगेच सुरू झालं सगळ्यांचं. कुणी फ्लॉपीचा फोटो टाकला, कुणी पिवळा पडलेला कीबोर्ड. मी नुसतं बघत होतो. मग संध्याकाळी मला एकट्याला एक मेसेज आला, त्या मित्राचा. इतक्या वर्षांत पहिला. "ते खोकं अजून माझ्याकडं आहे. प्रदर्शनाला द्यायच्या आधी एकदा उघडू म्हणतो. येतोस का?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, आता आठवण झाली का? बायकोनं मेसेज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "किती वर्षं फुगून बसणार आहात? लग्नात रुसलेला जावईसुद्धा शेवटी पंगतीला बसतो." मी म्हटलं, "मी फुगलेलो नाही." ती म्हणाली, "बरं, मग जा." अशी ती बोलण्यात पकडते.

हे खोकं म्हणजे काय, ते सांगायला हवं.

आम्ही दोघं सांगलीत इंजिनिअरिंगला होतो, ऐंशीच्या दशकात. मी म्हसवडकडच्या एका कोरड्या गावातला, फौजी हवालदाराचा मुलगा. तो सांगलीतला, जैन घरातला, वडलांची हळदीची पेढी. त्याच्या डब्यात कांदा-लसूण नसायचा आणि माझ्या डब्यात त्याशिवाय काही नसायचं, तरी आमचं जमलं. कारण दोघांनाही एकच वेड होतं. कॉलेजच्या लायब्ररीत कुणा प्राध्यापकानं परदेशातून आणलेल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकांचा गठ्ठा पडलेला होता. त्यावर धूळ होती, पण आत सोनं होतं.

त्यात आम्ही पहिल्यांदा वाचलं, की कम्प्युटर घरात ठेवायची वस्तू आहे. तोपर्यंत आमच्या डोक्यात कम्प्युटर म्हणजे थंड खोलीतलं कपाटाएवढं धूड, ज्याला हात लावायला पांढरे कोट घातलेली माणसं लागतात. आणि इथं एका माणसानं सुटे भाग डब्यात भरून टपालानं विकायला काढले होते. घरी न्या, स्वतः जोडा. हा गडी आधी हवाई दलात होता. नंतर कॅल्क्युलेटरचा धंदा काढला, मोठ्या कंपन्यांनी भाव पाडले आणि धंदा बुडायच्या कडेला आला. मग शेवटचा उपाय म्हणून त्यानं हे खोकं काढलं. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. समोर नुसती बटणांची रांग आणि वर बारक्या दिव्यांची रांग. बटणं वरखाली करून आकडे भरायचे, उत्तर दिव्यांत वाचायचं. पेटलेला दिवा म्हणजे एक, विझलेला म्हणजे शून्य. एवढ्यासाठी लोकांनी अशा काही उड्या टाकल्या, की त्याला माल पुरवता येईना.

मला तो माणूस लगेच आवडला. तोही फौजेतला ना! मित्राला मात्र आवडायचा दुसरा एक जण. तो एका नावाजलेल्या कंपनीत नोकरी करायचा आणि आपल्यासारख्याच वेड्यांच्या मंडळात संध्याकाळी जायचा. तिथं त्यानं आपल्या कम्प्युटरचे नकाशे सगळ्यांना फुकट वाटले. घ्या, बनवा. त्याचा दोस्त म्हणाला, अरे वेड्या, वाटतोस काय, आपण विकू. भांडवलाला एकानं गाडी विकली, दुसऱ्यानं आपला भारीतला कॅल्क्युलेटर. पुढं त्यांच्या चावलेल्या सफरचंदाचं काय झालं ते जगाला माहीत आहे. आमच्यात यावर वाद व्हायचे. मी म्हणायचो, दोस्त बरोबर होता. हा म्हणायचा, नकाशे वाटणारा मोठा. व्यापाऱ्याचा मुलगा फुकट वाटायच्या बाजूनं आणि हवालदाराचा विकायच्या. आमच्या वर्गातल्या पोरांना याची मोठी मजा वाटायची.

शेवटच्या वर्षी आम्ही ठरवलं, बटणं आणि दिवेवालं खोकं आपण बनवायचं. तोपर्यंत परदेशात पडदे आले होते, टेबलावर फिरवायचे माउस आले होते. जे त्यांनी केव्हाच अडगळीत टाकलं ते आम्ही बनवायला निघालो होतो, हे आम्हाला कळत होतं. पण आम्हाला पुढं जायचंच नव्हतं, आम्हाला सुरुवातीपासून जायचं होतं. एका दिव्यापासून.

हळदीच्या गोदामात एक कोपरा त्याच्या वडलांनी आम्हाला दिला. पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत जायचं, मधे एक टेबल आणि वर लोंबता बल्ब. आमचे शर्ट पिवळे, सोल्डरिंगची तार पिवळी, नाकातून शिंक आली तरी पिवळी. कामं वाटून घेतली होती. सोल्डरिंग, म्हणजे डागून सांधे जोडणं, त्याचं, कारण त्याचा हात स्थिर. चिपा सॉकेटात बसवणं माझं, कारण मला चिमटा धरायची सवय. सगळ्यांत मोठी चिप, म्हणजे त्या मशीनचं डोकं, मुंबईहून मागवली होती. तशी दुसरी मिळायला पुन्हा महिनोन्‌महिने गेले असते. ती मी बसवली. खाच बघितली आणि बसवली. निदान मला तसं आठवत होतं.

पाडव्याला उद्घाटन ठेवलं. त्याच्या वडलांनी पेढीवरची चार माणसं बोलावली, आमचे दोन-तीन वर्गमित्र आले आणि माझे वडील, आबा, आले. गावाहून सकाळची एष्टी धरून, कडक इस्त्रीची पँट, मिशीला पीळ, पिशवीत एक मोठा नारळ. मशीनपुढं हळदकुंकू झालं. मित्राच्या घरी नारळ नुसता ठेवायची रीत. आबांना ते पटेना. "न फोडता उद्घाटन कसलं? ट्रॅक्टर आणला तरी आमी नारळ फोडतो." मित्राचे वडील हसून म्हणाले, "फोडा की, तुमच्या रीतीनं होऊ दे." दगड सापडेना. मग आबांनी टेबलाशेजारच्या वजनकाट्याच्या लोखंडी कडेवर नारळ असा काही हाणला, की एकाच घावात दोन भकलं झाली आणि पाणी टेबलभर उडालं. टाळ्या पडल्या. कुणीतरी फडक्यानं टेबल पुसलं, खोक्याचं वरचं झाकण पुसलं. आम्ही बटण दाबलं.

दिवे लागले. काय सांगू! मित्रानं दोन भरले, तीन भरले, आणि पाच आलं. पाच म्हणजे शेवटच्या तीन दिव्यांतले कडेचे दोन पेटलेले, एक चारचा आणि एक एकचा, आणि त्यांच्या मधला विझलेला. आबांना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि पेढीवरच्या माणसांकडं असं बघितलं, जसं काही खिंड त्यांच्याच पोरानं जिंकली. पुन्हा दोन भरले, पुन्हा तीन. पेढे फिरले. सगळ्यांना चहा झाला. पेढीवरच्या माणसांना दाखवायला मी मशीन बंद करून ती मोठी चिप काढली, पुन्हा बसवली आणि बटण दाबलं. आणि मग दिवे फडफडले, जळका वास आला आणि सगळं विझलं.

मित्रानं घाबरून झाकण उघडलं आणि ती मोठी चिप सॉकेटातून उपसून काढली. हातात धरून तो ओरडला, "तापलीय! उलटी बसवली होतीस तू!" मी म्हटलं, "शक्य नाही. तुझंच सोल्डरिंग कुठंतरी चिकटलं असणार." तो म्हणाला, "उलटी होती." मी म्हणालो, "सुलटी होती." चिप त्याच्या हातात होती. सॉकेटात ती कुठल्या बाजूनं होती हे आता बघायचं कुठं? पुरावाच उपसला होता. आमचे आवाज चढत गेले. नको ते बोललो दोघंही. मी त्याला हळदीचा दलाल म्हणालो. तो मला म्हणाला, "ज्याला खाच दिसत नाही त्यानं बंदूक धरावी." माझ्या बापासमोर. मी बाहेर पडलो.

आबा माझ्या मागोमाग आले. एष्टी स्टँडवर मी त्यांना म्हटलं, "आबा, मी सुलटीच बसवली व्हती." त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "फौजेत चुकीला चूक म्हणत्यात. एवढ्या मान्सांत हासं झालं. जा, माफी माग त्याची." मी नाही म्हटलं. तेव्हा ते मोठ्यानं बोलले. लोक बघायला लागले, आणि मी खाली मान घातली. मला आजवर कुणी काही बोललं त्यात तेवढं लागलेलं दुसरं काही नाही. कारण मला नक्की माहीत असतं तर मी वाघासारखा उभा राहिलो असतो. पण एकदा असा आरोप झाला की आपली आठवणसुद्धा फितूर होते. खाच डावीकडं होती ना? का उजवीकडं? त्या दिवसापासून मला सांगताच येईना.

पुढं तो वडलांच्या पेढीत बसला. मी आधी पुण्यात नोकरी केली, मग साताऱ्यात दुकान टाकलं. भांडण सोडवायला दोन-चार जण आले, पण मीच ताठलो. नंतर ते खोकं बनवणाऱ्या हवाई दलातल्या माणसाबद्दल मी वाचलं. त्यानं कंपनी विकली, शेती केली, आणि मग उतारवयाकडं झुकताना डॉक्टरकी शिकून एका खेडेगावात दवाखाना काढला. ज्यानं जगाला घरातला कम्प्युटर दिला तो म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या छातीला नळी लावून बसला, आणि म्हणे खुशीत होता. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा मित्राला फोन करावासा वाटला. त्याला आवडलं असतं. फोन उचलला आणि ठेवला.

तर असा मी सांगलीला निघालो. निघताना आबांना फोन केला. ते गावी असतात, धाकट्या भावाकडं. नव्वदीला टेकलेत, पण फोनवर आवाज असा, की अजून परेड घेतायत. म्हटलं, "सांगलीला चाललोय. ते खोकं उघडायचंय." पलीकडं त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाले, "उघडलं की सांग मला." बस्स.

मित्र दारातच उभा होता. केस पांढरे, पोट सुटलेलं. मीही काही सिनेमातला हिरो राहिलेलो नव्हतो. तो म्हणाला, "आलास." मी म्हटलं, "आलो." मग वहिनींनी पाणी दिलं, पोहे दिले, आणि आम्ही दोघं पोह्यांकडं बघत बसलो. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "तुमचं ते मशीन तरी बोलेल का, का तेही असंच?" त्यावर तो हसला, मी हसलो नाही. मी ठरवून आलो होतो.

खोकं हळदीच्या पोत्यात गुंडाळून ठेवलेलं होतं, त्याच गोदामाच्या ऑफिसात. ती चिप वेगळी, थर्माकोलच्या तुकड्यात खोचून, टेबलाच्या खणात. म्हणजे त्यानं ती जपली होती. मी विचारलं, "जळकी चिप ठेवलीस कशाला?" तो म्हणाला, "टाकवेना." मग हळूच म्हणाला, "खरं सांगू? त्या दिवशी तुला बोललो, पण घरी गेल्यावर मला वाटायला लागलं, माझंच सोल्डरिंग असणार. नंतर मी सोल्डरिंगचं हत्यार हातात धरलंच नाही." म्हणजे हाही तेच घेऊन बसला होता! मला राग यायला हवा होता, पण जीव हलका झाला. एकट्याचं दुखणं दोघांचं निघालं.

झाकण उघडलं. वरून सगळं ठीक, नुसती धूळ. मी म्हटलं, "बोर्ड काढ." तो म्हणाला, "खाली काय असणार? खाली लाकूड आहे." मी म्हटलं, "अरे, आपण भांडलो खूप, पण हे चार स्क्रू काढून खाली कुणी बघितलं का?" तो स्क्रूड्रायव्हर शोधायला लागला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आम्ही! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

स्क्रू गंजले होते, पण निघाले. बोर्ड उलटा केला आणि मी खुर्चीवरून उठलो. वीज जिथून आत शिरते तिथं पांढरट-हिरवट डाग पसरला होता. तांब्याची एक वाट, म्हणजे वीज वाहून नेणारी बारीक पट्टी, त्यात खाल्ली गेली होती. आणि त्या डागाभोवती वाळून कोळसा झालेल्या मुंग्या.

जन्मभर मी बिघडलेली मशीनं उघडलीत. उंदरानं घाण केलेला डाग मला ओळखू येतो, सांडलेल्या चहाचा येतो, पावसाच्या पाण्याचा येतो. पण मुंग्या? तांब्याला मुंग्या लागत नाहीत, मुंग्या गोडाला लागतात. मी चष्मा वर केला आणि चिमटा घेतला. डागात काहीतरी अडकलं होतं. राठ, तांबूस, केसासारखं. नारळाच्या शेंडीचा धागा. त्याला कुंकवाचा कण चिकटलेला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. तो हळूच म्हणाला, "वरचं पुसलं होतं आपण."

"हो. आतलं कोण पुसणार?"

पाणी बटणांच्या फटीतून आत गेलं असणार, कडेनं ओघळून बोर्डाखाली. लगेच काही झालं नाही म्हणून कुणाला शंका आली नाही. पेढे वाटून होईपर्यंत ते पसरत राहिलं, दोन वाटा एकमेकींना जोडल्या गेल्या, वीज भलतीकडं धावली, आणि वास आला. पण हे अजून सिद्ध व्हायचं होतं. मी म्हटलं, "चिप दे. उलटी बसली असती तर तेव्हाच खलास झाली असती. आता चालली, म्हणजे सुलटी होती."

वहिनींकडून जुना टूथब्रश घेतला, समोरच्या मेडिकलमधून स्पिरिट आणलं. डाग घासला. खाल्लेल्या वाटेवर तारेचा तुकडा टाकायचा होता. मी सोल्डरिंगचं हत्यार त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, "नको रे, तू कर." मी म्हटलं, "धर मुकाट्यानं." पहिला थेंब ओबडधोबड पडला, दुसरा नेमका. ताव देऊन बसवलेला तो सांधा असा चकचकीत झाला, की कारखान्यातून आलाय म्हणावा. जुना वीजपुरवठा चालेल की नाही भरवसा नव्हता, म्हणून माझ्या मोबाइलचा चार्जर कापला. त्यातूनही तेवढीच वीज निघते. चिप मी बसवली. खाच बघितली. पुन्हा बघितली. तो म्हणाला, "बसव की लेका, मूर्तीची स्थापना आहे का?" सगळी गिऱ्हाइकं एकसारखीच.

त्या मासिकांत आम्ही आणखी एक गोष्ट वाचली होती. दोन पोरांनी त्या पहिल्या खोक्यासाठी एक भाषा लिहिली, पण खोकं त्यांच्याकडं नव्हतंच. कधी हात न लावलेल्या मशीनसाठी सगळं लिहून त्यातला एक जण विमानानं दाखवायला निघाला, आणि विमान उतरायच्या बेतात असताना त्याला आठवलं, की ते मशीनमध्ये भरायचा भागच लिहायचा राहिलाय. तिथंच बसून त्यानं तो लिहिला. दुसऱ्या दिवशी बटण दाबताना त्याला काय वाटलं असेल, हे मला त्या दुपारी गोदामाच्या ऑफिसात कळलं. त्याचं निदान मशीन नवं होतं.

मी चार्जर लावला. दिवे लागले. वाकडेतिकडे, कसेही, पण लागले. मित्रानं बटणांवर बोटं ठेवली. मला वाटलं त्याला आठवणार नाही, पण बोटांना पाठ होतं. दोन भरले. तीन भरले. आणि कडेचे दोन दिवे पेटले, मधला विझलेला.

पाच!

मी काय केलं ते मला धड आठवत नाही. वहिनी सांगतात, की मी टेबलावर एवढ्या जोरात थाप मारली, की बाहेरचा हमाल धावत आला. मित्रानं ते तीन दिवे पुन्हा बोटानं मोजले. "सुलटी होती रे," तो म्हणाला. "तू सुलटीच बसवली होतीस." आणि मी म्हटलं, "आणि तुझं सोल्डरिंग झकास होतं." मग आम्ही हसायला लागलो, आणि हसता हसता रडलो, दोन म्हातारी माणसं, हळदीच्या वासात. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात ना, तसा उतरला. खांद्यांनासुद्धा कळलं. मी घरी बायकोला फोन लावला आणि नुसतं "सुलटी होती" एवढंच ओरडलो. ती म्हणाली, "मला माहीत होतं. आता जेवून या."

मग मित्र डोळे पुसत म्हणाला, "म्हणजे नारळ..." आणि थांबला. नारळ कुणी फोडला होता, हे आम्हाला दोघांनाही नीट आठवत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. आबांचा. त्यांना धीर निघाला नव्हता.

"उघडलं का रं?"

"उघडलं, आबा. चालू झालं. चिप सुलटी व्हती. मी सुलटीच बसवली व्हती."

हे वाक्य मला त्यांना किती वर्षं म्हणायचं होतं! मनात हजार वेळा म्हटलं होतं, रागानं, टोमण्यानं, ताठ मानेनं. आता म्हटलं ते अगदी साध्या आवाजात. मग ते खाकरले.

"मंग काय झालं व्हतं त्याला?"

मी तोंड उघडलं. मित्र माझ्याकडं बघत होता, त्याला सगळं ऐकू येत होतं. आबांच्या फोनला स्पीकर लागत नाही.

"म्या एक इचारू का तुला?" आबा म्हणाले. आवाज परेडचा नव्हता. "लय दिस झालं इचारीन म्हनतोय. त्या दिशी माज्या हातनं नारळाचं पानी उडालं व्हतं. वरनं पुसलं आपन. पर आत तर न्हवतं गेलं? मला आपलं रातचं कवा कवा वाटायचं. पोराला बोललो आन् चूक आपलीच नसंल न्हवं?"

माझ्या हातात तो शेंडीचा धागा होता, चिमट्यात धरलेला. मी तो खाली ठेवला.

"न्हाई वो आबा," मी म्हटलं. "नारळाचं काय घेऊन बसलाय? तांब्याची एक वाट तुटली व्हती आतली. कुनाचीच चूक न्हवती."

"खरं सांगतुयास?"

"आता मशीनबी तुमीच शिकवा मला! जन्मभर हेच केलंय मी. मला कळत न्हाई व्हय?"

त्यांनी श्वास सोडला. तो श्वास मला इथवर ऐकू आला, लांबलचक, जसं कुणी डोक्यावरची पाटी खाली ठेवतंय. "बरं झालं बाबा," ते म्हणाले. "लय बरं झालं."

"म्हंजे तवा स्टँडवर तुला उगंच बोललो म्या."

मी म्हणणार होतो, सोडा आता. पण नाही म्हणालो. मला तेवढं हवं होतं.

"व्हय आबा. उगंच बोलला."

"चुकलं माजं."

मित्रानं तोंड खिडकीकडं फिरवलं.

"असू द्या," मी म्हटलं. "जेवला का?"